विषाची ट्यूब उघडू नकोस, आधी फटी बुजव

फोंडा, गोवा
२२ जून

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. उंदरांनी दादांची भजनाची वही कुरतडली, हे वाचून फार वाईट वाटलं रे. त्या वहीतून त्यांनी वाड्यावरच्या किती पोरांना अभंग शिकवले! उरलेल्या वह्या आजच्या आज पत्र्याच्या ट्रंकेत घाल. लाकडी कपाटावर विसंबू नकोस. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, ते झिजवायला त्याला लाकूड, प्लॅस्टिक, वायर, कागद काहीही चालतं.

पण घाईने लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणासाठी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून उंदराच्या विषाची ट्यूब आणून ठेवलीयस, असं शेवटी तू सहज लिहून गेलास. सदा, ती उघडू नकोस. तुझी नात आता रांगते आहे, जमिनीवर दिसेल ते तोंडात घालते, हे तूच कौतुकाने लिहिलंयस. त्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असेल तर त्याला उतारा नाही. आधी उलट्या होतात, मग दिवस-दोन दिवस माणूस सावरल्यासारखा दिसतो, घरचे निर्धास्त होतात आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागतं. ट्यूब चुलीत टाकू नकोस, फॉस्फरस पेट घेतो. केरातही नको, कुत्री-मांजरं उकरतील. पिशवीत घट्ट बांधून कुलपात ठेव, मी आलो की बघू. आणि देव न करो, पण कुणाच्या पोटात गेलीच तर लक्षणांची वाट बघायची नाही. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. १०८ ला फोन करून, ट्यूब बरोबर घेऊन थेट इस्पितळ गाठायचं. हे वहिनींना आणि सुनेलाही वाचून दाखव.

दुसरी ती वडी मिळते, ब्रोमॅडिओलोन नावाच्या विषाची. तिने रक्त गोठेनासं होतं. व्हिटॅमिन के१ हा तिचा उतारा आहे, पण म्हणून ती घरात पसरावी असं मला वाटत नाही. वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन फिरतो. तुझं मांजर, कुळागरातली, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतली धामण, रात्री माडावर बसणारं घुबड असाच उंदीर आधी पकडतात आणि ते विष त्यांच्याही अंगात जातं. वर्षभर फुकटात तुझे उंदीर खाणारे हेच तर सोबती! शिवाय उंदीर मरतो तो कौलांखाली नाहीतर माळ्यावरच्या अडगळीत, आणि मग वास कुठून येतो ते शोधत फिरायचं. चिकट पुठ्ठाही आणू नकोस. जनावर त्यावर तासन् तास तडफडतं, मला ते बघवत नाही.

आईंचं म्हणणं तू लिहिलंस, की उंदीर गणपतीचं वाहन, चवथीच्या तोंडावर त्याला मारायचं नाही. त्यांचा मान राखूनही घर उंदरांपासून मोकळं करता येतं, कारण खरं काम मारण्याचं नाहीच, वाट बंद करण्याचं आहे. आत आलेले मारत बसलास आणि फट उघडी राहिली, तर जागा रिकामी झाली म्हणून दुसरे येणारच. पहिल्या पावसात शेताच्या मेरांवरची बिळं पाण्याने भरली की ते कोरडी जागा शोधत घराकडे वळतात. आणि थांबायला वेळ नाही. उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण धरतात. चवथीपर्यंत काय होईल ते बघ.

आधी कोण आलंय ते ओळख. लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार असतील तर घरातला लहान उंदीर. त्याहून बऱ्याच मोठ्या असतील तर माडावरून, कौलांवरून येणारा मोठा उंदीर. आणि रात्री भिंतीकडेने चिकचिक करत, उग्र वास सोडत पळते ती चिचुंद्री, तिला तू राहू दे. ती झुरळं-किडे खाते.

आता फटी. लहान उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल शिरली की उंदीर शिरला असं धर. हातात बॅटरी घेऊन जमिनीला टेकून बघ, उभ्याने दिसत नाही. तुझं घर चिऱ्याचं, गिलावा खालून सुटलेला, तिथे चिऱ्यांच्या सांध्यांत पोकळ्या असणारच. गॅसची नळी जिथून आत येते ते भोक, न्हाणीची मोरी, मागच्या दाराचा कुजलेला उंबरा, माळ्याच्या तुळया भिंतीत शिरतात ती जागा, हे सगळं तपास. उंदराच्या रोजच्या वाटेवर भिंतीला काळपट तेलकट पट्टा उमटतो, तो धरून गेलास की भोक सापडतं. भोकात स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी गच्च कोंबायची आणि वरून सिमेंट. साधी लोखंडी घासणी आपल्या हवेत गंजून भुगा होते. फोम, चिंध्या, लाकडाची खुंटी यांचा उपयोग नाही, कुरतडून टाकतात. मोरीला बारीक जाळी, दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी.

कौलांचं मात्र कठीण आहे. प्रत्येक कौल काही बंद होत नाही. तिथे वर चढायची वाट तोडायची. छपरावर आलेली फणसाची फांदी मागे घे. घराला लागून असलेल्या माडाच्या खोडाला माणसाच्या उंचीच्या वर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा मार, त्यावर उंदराची नखं ठरत नाहीत. नारळही वाचतील.

पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं सामान तू माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवतोस. सुकी सुंगटां (कोळंबी), सोलां (आमसुलं), मिरच्या, बिकणां (फणसाच्या आठळ्या), सगळं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत जाऊ दे. उकड्या तांदळाचं पोतं घडवंचीवर, भिंतीपासून हातभर लांब. मांजराचं उरलेलं खाणं रात्री उचल. आणि देवाजवळची तेलाची वात रात्री झाकून ठेव, काचेची चिमणी घाल. उंदीर जळती वात ओढून नेतात, आणि तुझ्या देवघराच्या वर लाकडी माळा आहे.

जे आधीच आत आहेत त्यांच्यासाठी पिंजरे लाव, एक नाही, चार-पाच. उंदीर उघड्यावरून धावत नाही, मिशा भिंतीला लावून कडेने जातो, म्हणून पिंजऱ्याचं तोंड त्या वाटेवर भिंतीला चिकटून हवं. आमिष म्हणून भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा नाहीतर एखादं सुकं सुंगट दोऱ्याने बांध, नुसतं ठेवलंस तर अलगद काढून नेतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बुजतो. त्याच्यासाठी पहिले काही दिवस पिंजरा उघडाच ठेवून आत खाऊ दे, मग चाप लाव. सापडलेल्याला कुंपणापलीकडे सोडू नकोस, तो परत येईल नाहीतर शेजाऱ्याकडे जाईल. वस्तीपासून लांब नेऊन सोड. बाजारातली ती आवाज करणारी यंत्रं घेऊ नकोस, उंदरांना त्याची सवय होते.

कपाट साफ करताना केरसुणी लावू नकोस. सुक्या लेंड्यांची धूळ नाकात जाते. तोंडाला फडकं, हातात मोजे, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून त्यावर शिंपड, पाच मिनिटं भिजू दे, मग कागदाने टिपून घे. आणि या पावसात घरात कुणाला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना घरात उंदीर आहेत हे आवर्जून सांग. उंदराच्या मुताने लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो, तो लवकर ओळखला तर औषधाने बरा होतो.

येत्या रविवारी सकाळच्या बसने मी येतो. जाळी, घासण्या आणि दोन पिंजरे इथून आणतो. तू सिमेंटची लहान पिशवी, वाळू आणि शिडी तयार ठेव, आणि मोरीच्या तोंडाचं माप उद्याच मला फोनवर कळव, म्हणजे जाळी बरोबर कापून आणता येईल. आईंना माझा नमस्कार.

तुझा,
विठू