बाटाचा साहेब आणि आपले कोटणीस

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवा लोकलमध्ये 1971 च्या युद्धावरून गप्पा रंगल्या होत्या, मी म्हटलं त्यात बाटा कंपनीचा एक डच-ऑस्ट्रेलियन साहेबही होता, तर कुणाला खरंच वाटेना. औडरलँड नाव त्याचं. पन्नाशी उलटलेला माणूस, ढाक्याजवळ टोंगीच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? पण यानं कारखान्याच्याच आवारात मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या, पोरांना गनिमी काव्याचं ट्रेनिंग दिलं, पाकिस्तानी लष्कराच्या अत्याचारांचे फोटो काढून बाहेर पाठवले आणि बांगलादेशानं त्याला 'बीर प्रतीक' हा शौर्य पुरस्कार दिला. हा मान मिळालेला तो एकमेव परदेशी.

परक्यांच्या लढ्यात उतरलेला फ्रान्सचा लाफाएत 1777 मध्ये 19 वर्षांचा असताना स्वखर्चाने जहाज घेऊन अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढायला गेला हे पुष्कळांना माहीत असतं, शेजारच्या बांगलादेशातला हा औडरलँड मात्र माहीत नाही.

आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस बंदूक घेऊन नाही गेले, पण 1938 ला चीनमध्ये गेले ते जखमी सैनिकांवर उपचार करत तिथेच 1942 मध्ये वारले, वय अवघं 32. शिकले आपल्या मुंबईतच, परळच्या जी.एस. मेडिकलमध्ये. तुमच्या रविवार पुरवणीत औडरलँड आणि कोटणीस या दोघांवर एक पानभर तरी येऊ द्या की.

– एक वाचक, दादर, मुंबई