स्मूदनिंगची बाटली आधी वाचा

महोदय,

लग्नसराई आली की केस सरळ, मऊ करून देणाऱ्या स्मूदनिंगच्या पाट्या गल्लोगल्ली लागतात. बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ छापलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. घटकांत मिथिलीन ग्लायकॉल असेल, तर ते पाण्यात मिसळलेलं फॉर्मल्डिहाइडच. सुमारे २३० अंशांची इस्त्री फिरली की त्याचा वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो तो त्यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवलं. ग्राहक कधीतरी बसते; पार्लरमधली मुलगी रोज त्या धुरात उभी असते, आणि एसीसाठी खिडक्या बंद! निदान एक्झॉस्ट पंखा तरी हवाच.

फॉर्मल्डिहाइडऐवजी ग्लायऑक्झिलिक आम्ल वापरणारे स्मूदनिंगचे प्रकारही निर्धोक नाहीत. ते करून घेतल्यानंतर मूत्रपिंडात ऑक्झलेट या क्षाराचे स्फटिक साचल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. रसायन मुळांपासून सेंटिमीटरभर सोडून लावावं, टाळूला लागू देऊ नये. डोक्यावर खरचटलं असेल तर बेत पुढे ढकलावा. ब्लीच केलेल्या केसांना इस्त्री कमी तापमानाचीच. नाहीतर ते मधेच तुटतात.

लेबल नसलेल्या सुट्या बाटल्या पार्लरांत सर्रास वापरल्या जातात. अन्न व औषध प्रशासनानं त्यांचे नमुने तपासायला घ्यावेत.

– एक वाचक, पुणे