शिकाऊ मॅडमना, मेसवाल्या काकूंकडून

प्रिय मॅडम,

तुमचं समुपदेशनाचं प्रशिक्षण संपलं आणि तुम्ही गेलात. पेशंटनं घरचा पत्ता मागणं नियमात बसत नव्हतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते. नाव तुमचंही घालत नाही आणि माझंही. तुम्ही ओळखालच.

लातुरात डॉक्टरकीच्या नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या लेकरांची मेस चालवणारी बाई मानसोपचाराच्या ओपीडीत रांगेला बसते, हे आमच्या भावकीला काही पचलं नाही. हे गेल्यापासून छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, रात्री दोनला जाग. ईसीजी चांगला, थायरॉईड चांगलं. एका डॉक्टरांनी तर "काही झालेलं नाही, रिकामं बसू नका" म्हणून वाटेला लावलं. पहाटे चारला कणीक मळायला बसणारी बाई मी! शेवटी ओपीडीतल्या मोठ्या डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या आणि बोलायला तुमच्याकडे पाठवलं.

पहिल्याच दिवशी तुम्ही सांगून टाकलं, "मी अजून शिकतेय. आपलं बोलणं माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगावं लागतं, बाकी कुणाला नाही. चालेल का तुम्हाला?" जाऊ म्हणाली, शिकाऊ पोरगी काय करणार. पण दवाखान्यात मला आधी विचारून घेणारं माणूस ते पहिलंच. पेशंटची गोष्ट गुप्त ठेवायची, हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं.

मग तुमचा तो आकड्यांचा प्रश्न. शून्य म्हणजे सगळ्यात वाईट, दहा म्हणजे एकदम बरं, तर आज किती? मी म्हटलं, दोन. आता हिला दोनच का ते सांगत बसावं लागणार, असं मनात आलं. तुम्ही विचारलं, "शून्य का नाही?" मला काही सुचेना. बऱ्याच वेळानं म्हटलं, "गॅस तर पेटवते रोज." तुम्ही हसण्यावारी नेलं नाही. "ज्या दिवशी पेटवावा वाटत नाही, त्या दिवशी कसा पेटवता?" हा प्रश्न तुमच्याच डोक्यातला असंल असं मला वाटायचं. अमेरिकेत मिलवॉकी नावाच्या गावात स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या नवराबायकोनं ही पद्धत बसवली, हे तुम्ही नंतर सांगितलं. नवराबायको मिळून असलं काम करतात हे ऐकून मला आमचे हे आठवले, आणि त्या दिवशीचा बाकीचा सगळा वेळ रडण्यातच गेला. तुम्ही घाई केली नाही.

2016 बद्दलचं ते बोलणं मात्र माझ्या मनातून जात नाही. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते वर्ष. "तेव्हा मेस बंद होती का?" तुम्ही सहज विचारलं, आणि मी सुटलेच. बंद कशाला माय! ताटं बंद करून पत्रावळ्या आणल्या. वेळून भात करायचा सोडला, कुकरला लावला. भाजी धुतलेलं पाणी खरकट्या भांड्यांना. टँकर कधी रात्री अकराला, कधी पहाटे. त्या ड्रायव्हरला जेवायला वाढायचो, म्हणून तो आमच्या गल्लीला चुकायचा नाही. गावाकडं जाणारी पोरं येताना कॅन भरून आणायची.

मी सारखं "ह्यांनी केलं, ह्यांनी केलं" म्हणत होते. तुम्ही दर खेपेला थांबवलं. "यातलं तुमचं काय?" पत्रावळ्या कुणाला सुचल्या? मला. ड्रायव्हरला वाढायचं कुणी ठरवलं? मीच की. ह्यांना तर ते आवडलंही नव्हतं आधी. हे सगळं माझ्याच तोंडून बाहेर आलं. तुम्ही फक्त वहीत लिहून घेत होता आणि शेवटी वही माझ्याकडे फिरवली.

सोयरेधायरे मला रोज म्हणायचे, तू लई खंबीर आहेस, पॉझिटिव्ह राहा. ते ऐकलं की रडायचीही चोरी. तुम्ही एकदाही "तुम्ही स्ट्राँग आहात" म्हटलं नाही, कौतुकाची खिरापत वाटली नाही. दुखतंय तेही खरं आणि पत्रावळ्या आणल्या तेही खरं, दोन्ही टेबलावर राहू दिलं. गोळ्यांचं विचारलं की सरळ सांगायचात, "ते माझं काम नाही, डॉक्टरांना विचारा, पण मनानं बंद करू नका." एखादी गोष्ट माहीत नसली की पुढच्या आठवड्याला विचारून यायचात. शिकाऊ असण्याचा हा फायदाच झाला म्हणायचा. शिकून बसलेले असं कुठं विचारायला जातात?

तुम्ही माझ्या डब्याच्या कार्डामागं टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारनं चालवलेल्या फोन मदतीचा, 14416 नंबर लिहून दिला होता, रात्रीबेरात्री लागला तर. मी दोनदा लावला, मराठीत बोलतात. आता तो मेसच्या दारावर मोठ्या अक्षरात लावलाय. परवा एक पोरगी त्याचा फोटो काढून घेऊन गेली. मी काही विचारलं नाही, फक्त तिला ताटात येसराची आमटी वाढली थोडी जास्त.

माझा आकडा आता सहा-सात असतो. ह्यांच्या तिथीच्या आठवड्यात चारवर आला होता. गोळी मोठ्या डॉक्टरांनी कमी करत आणलीय. मेस चालू आहे, गुरुवारी सुट्टी ठेवते, तीही तुमच्याशी बोलूनच ठरली होती. भेटीला आणलेला धपाट्यांचा डबा तुम्ही नियम सांगून परत दिला होता. आता तुम्ही माझ्या मॅडम नाहीत, तर लातूरला आलात की जेवूनच जायचं. तुमच्या परीक्षेचं काय झालं तेही सांगा.

तुमची,
मेसवाली काकू, लातूर