धाब्याचा गोठा पाडण्याआधी मोजा

महोदय, यावल तालुक्यातल्या आमच्या गावात महिनाभरात दोन जुने धाब्याचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे, गोठे उतरवले गेले. सागवानाला भाव आहे, त्यामुळे खांब आणि तुळया लगेच विकल्या गेल्या. मालकांना दोष देत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी पाणी झिरपू नये म्हणून धाब्यावर खारी माती पसरायला आता माणसे कुठून आणायची?

पण जे गेले ते काय होते, हे तरी कळावे. या गोठ्याचा सगळा भार लाकडी सांगाडा पेलतो. खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उभा असतो, म्हणून ओल आणि वाळवी त्याच्यापर्यंत सहज पोहोचत नाही. खांबावर तुळई, तुळईवर कड्या म्हणजे आडवी बारीक लाकडे, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा जाड थर. सांधे कुसू आणि खाचेचे, म्हणजे एका लाकडाचे कोरलेले टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले. मातीची भिंत पावसात ढासळली तरी छत उभे राहते. माझ्या लहानपणी आमच्याच गोठ्यात हे पाहिले आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बैल त्या मातीखालीच निवांत रवंथ करत. पत्र्याच्या शेडमध्ये आज जनावरे धापा टाकतात.

जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या स्थापत्य शिकवणाऱ्या महाविद्यालयांना विनंती आहे: विद्यार्थी पाठवा, उरलेल्या गोठ्यांची मापे घ्या, सांध्यांची चित्रे काढा. जुने सुतार आहेत तोवरच हे होईल.

— एक शेतकरी, ता. यावल, जि. जळगाव