आई-नाना, यंदा आम्ही समुद्रावर आलो

॥ श्री ॥

शहीद द्वीप, अंदमान

ती. आई व ती. नाना यांस शि. सा. न. वि. वि.

निघायच्या आदल्या रात्री फोनवर मी अंदमानचं सांगितलं, तेव्हा नाना, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. आई "जपीसन ऱ्हाय रे भाऊ" एवढंच बोलली. तुमचं कोणतं "बरं" कसलं असतं ते मला लहानपणापासून कळतं. ते कानात घेऊनच विमानात बसलो. इथं रेंज येते-जाते, आणि हे सगळं फोनवर बोलायला मला जमणारही नाही, म्हणून लिहितोय.

आई, संक्रांत झाली की मनुदेवीला जायचं तू ठरवलं होतंस. मावशीनं गाडी सांगितली होती, ताईसुद्धा यायची होती. तुझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे, तुझ्या सुनेलाही माहीत आहे. देवीला आम्ही नाही म्हटलेलं नाही. तू बोललेला नवस आपल्या घराचा आहे आणि तो फेडायला आम्ही दोघं येऊच. पण आत्ता तिला तिथं आणणं मला बरोबर वाटलं नाही. आपला ओटा कधी रिकामा नसतो. काकू येतील, मामी येतील, शेजारच्या आजी येतील. सगळ्या मायेनंच येतील, आणि प्रत्येकीला तीच हकिगत नव्यानं सांगावी लागेल. दिवाळीत तू पाहिलंस ना? दिवसभर हसतमुखानं शेव पाडत होती, सांजोऱ्या भरत होती, आणि पुण्याला परतताना मनमाडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. तब्येत आता ठणठणीत आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय, ती काळजी करू नका. पुढं एका रात्री तीच म्हणाली, "जिथं मला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी चल." लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी दुसऱ्या दिवशीच तिकिटं काढली. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात तर मला तुमचा शब्द मोडावा लागला असता. ते मला नको होतं.

पैशांचं म्हणाल तर मोटारीसाठी आणि नानांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेल्या रकमेला हात लावलेला नाही. हा माझा बोनस आणि तिनं भिशीतून साठवलेले पैसे आहेत. कर्ज नाही, हप्ता नाही.

आता इथलं सांगतो. चेन्नईहून सव्वादोन तासांचं विमान, मग बोट. जेवणाची आबाळ मुळीच नाही. पोर्ट ब्लेअरला, ज्याचं नाव आता श्री विजय पुरम झालंय, शाकाहारी ताट सहज मिळालं आणि इथंही मिळतं. भात, डाळ, भाजी, पोळी सगळं असतं. डाळीला आपल्यासारखा ठसका नाही, पण आई, तुझी शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या आहेत ना! खोली स्वच्छ आहे, गरम पाणी आहे, मच्छरदाणी आहे. थंडी नावालाही नाही, त्यामुळे तू कोंबून दिलेला स्वेटर विमानातच कामी आला. एक गोष्ट मात्र सवयीची व्हायला वेळ लागला. घड्याळ आपलंच, पण आपण किती पूर्वेला आलोय! साडेपाचलाच उजाडतं आणि सव्वापाचला दिवस बुडतो. तिकडे तुम्ही वावरातून घरी आलेले नसता तेव्हा इथं काळोख असतो. म्हणून माझा फोन अवेळी आला तर घाबरू नका.

नाना, तुम्हाला आवडेल असं सांगू? हॅवलॉक बेटावर (२०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप) गावांची नावं गोविंदनगर, कृष्णनगर, राधानगर अशी आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं तिथं जमिनी दिल्या आणि त्यांनी जंगल काढून शेती उभी केली. घरामागं सुपारी, नारळ आणि केळीसुद्धा! आपल्यासारखी ओळीत लावलेली बाग नाही, कुंपणाकडेला पाच-सहा खोडं, त्यांची पिलं तशीच वाढू दिलेली. मी घडाला हात लावून बघत होतो तर घरमालक हसत बाहेर आला. आमच्याकडे केळीची मृगबाग पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि कांदेबाग पावसाळा सरल्यावर कशी लावतात ते मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. तुम्ही असता तर त्याच्या अंगणात दुपार घालवली असती.

आई, पाण्याची भीती तुझ्या मनात आहे आणि त्सुनामी तुला अजून आठवते. २६ डिसेंबर २००४ ला इथं फार वाईट झालं होतं, ते खरंच आहे. पण त्यानंतर हैदराबादला इशारा देणारं केंद्र उभं राहिलं, २००७ पासून ते रात्रंदिवस चालू असतं. खाडीच्या खारफुटीत मगरी आहेत, तर तिथं पाट्या आहेत आणि आम्ही तिकडे फिरकतही नाही. जीवरक्षक हो म्हणेल तिथंच उतरतो.

आणि पोहायला मला शिकवलं कुणी? नाना, मळ्यातल्या विहिरीत माझ्या कमरेला दोर बांधून तुम्ही काठावर उभे राहायचात. मी गटांगळी खाल्ली की दोर ताणायचा, हातपाय मारायला लागलो की सैल व्हायचा. तुम्ही ओरडत नव्हता, शाबासकीही देत नव्हता. त्या दोरावरून मला तुमचं मन कळायचं. इथं पाण्यात उतरलो तेव्हा अंगात लाइफ जॅकेट होतं आणि गाइड एक मोठी रिंग धरून बरोबर पोहत होता. तरी पहिला मिनीटभर माझा हात आपोआप कमरेकडे गेला.

स्नॉर्केलिंग म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर आई बुडी मारणं समजून काळजी करत बसेल. खोल जायचंच नसतं. डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा, तोंडात नळी, नळीचं वरचं टोक पाण्याबाहेर. तोंडानं सावकाश श्वास घ्यायचा आणि पालथं तरंगत खाली बघायचं. नाक बंद असल्यामुळे सुरुवातीला जीव घाबरतो, मग श्वासाची लय सापडते. नुसता स्वतःचा श्वास ऐकू येतो. आणि खाली! समुद्रफुलाच्या बोटांसारख्या लवलवत्या पाकळ्यांमध्ये नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे चिमुकले मासे लपंडाव खेळत होते. त्या पाकळ्या दुसऱ्या माशाला डंख मारतात, पण या माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, त्याला काही होत नाही. पोपटासारख्या चोचीचा हिरवा-निळा मासा प्रवाळाच्या दगडाला कुरतडत होता, पाण्यात कान असले की तो कुरकुर आवाज ऐकू येतो. तो दगड त्याच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडतो. आम्ही ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर चालतो, तिच्यातली बरीचशी अशी झालेली आहे.

प्रवाळ बघून मात्र जीव हळहळला. कुठं जांभळं, कुठं तपकिरी, पण मधले मोठे पट्टे पांढरेफटक. ते झाडासारखं दिसतं, पण जिवंत प्राणी आहे आणि त्याच्या अंगात राहणारं बारीक शेवाळ त्याचं पोट भरतं. समुद्र नेहमीपेक्षा जास्त तापला की ते शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं होऊन उपाशी मरतं. २०१० साली इथं असंच मोठं नुकसान झालं होतं. नाना, मे महिन्यातल्या लूनं बागेतल्या पानांच्या कडा करपल्या की तुमचा चेहरा जसा होतो, तसा चेहरा ते सांगताना आमच्या गाइडचा झाला होता. पाणी निवलं तर काही ठिकाणी पुन्हा रंग येतो, असंही तो म्हणाला.

आई, देवघरासाठी शंख आण म्हणाली होतीस, तो आणणार नाही. किनाऱ्यावरचे शिंपले-शंख उचलायला बंदी आहे आणि प्रवाळ तर कायद्यानं वाघाच्याच पंगतीला बसवलंय. देवाला चोरीचा शंख नको. पंढरपूरहून आणू.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय ते सांगतो. इथं शहीद द्वीपला उथळ पाण्यात समुद्री गवत आहे. तुझी सून माझ्या पुढं तरंगत होती. एकदम तिनं माझं मनगट धरलं. खाली एक हिरवं कासव चरत होतं. मान वाकडी करून गवताचा घास घ्यायचं, तोंडातून गाळाचा लहानसा ढग उठायचा, मग दुसरा घास. आमच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. थोड्या वेळानं श्वास घ्यायला वर आलं, आमच्यापासून हातभर लांब डोकं बाहेर काढलं, फूस करून श्वास घेतला आणि परत खाली गेलं. हात लावायचा नाही, मागं लागायचं नाही, असं गाइडनं आधीच बजावलं होतं.

संध्याकाळी तो सांगत होता, मादी जिथं जन्मली त्याच भागातल्या किनाऱ्यावर अंडी घालायला परत येते, शंभरेक अंडी घालते, आणि त्यातली फार थोडी पिल्लं मोठी होतात. माझ्या पोटात गोळा आला, याला गप्प कसं करावं? पण हिनंच विचारलं, "मग ती पुन्हा येते?" तो म्हणाला, "येते ना. एकाच हंगामात कितीतरी वेळा येते." ही मान डोलावून चहा प्यायली. त्या रात्री ती श्रावणात जे झालं त्याबद्दल बोलली. मी विचारलं नव्हतं, तीच बोलली, खूप वेळ. रडली, मग झोपली, आणि सकाळी उठून मला म्हणाली, "आईंना सांग, मी येणार आहे मनुदेवीला."

आई, म्हणूनच आलो होतो. हे तुझ्याजवळ, आपल्या घरात व्हायला हवं होतं असं तुला वाटेल, आणि तसं वाटणं साहजिक आहे. तुझ्या कुशीत मी तापाच्या कितीतरी रात्री काढल्यात, तिथल्यापेक्षा उबदार जागा मला अजून सापडलेली नाही. पण हे तिचं दुखणं होतं आणि ते उतरायची जागा तिची तिलाच सापडायची होती.

नाना, परतताना सेल्युलर जेल बघणार आहोत. मूळच्या सात इमारतींपैकी तीन उरल्या आहेत. कैद्यांना एकमेकांचं तोंडही दिसू नये अशी रचना होती. सातपुड्यात इंग्रजांशी लढलेल्या भिमा नाईकाची गोष्ट तुम्ही रात्री खळ्यावर सांगायचात ना, तो जेल बांधायच्या कितीतरी आधी, १८७६ साली, इथंच काळ्या पाण्यावर वारला. तुमच्या नावानं तिथं हात जोडतो.

आता ऐका, आणि यावर "बरं" नको. रात्रपाळीची लाइट आली की तुम्ही एकटे वावरात जायचं नाही. मोटार आपोआप चालू करणारा ऑटो बसवून दिलाय, तो टाकून ठेवा. फारच अडलं तर सालदाराला सोबत घ्या, बॅटरी आणि काठी घ्या. केळीत बिबट्या बसतो हे तुम्ही मला सांगायचं, आणि स्वतः मात्र धोतर खोचून निघायचं, हे चालणार नाही. बीपीची गोळी सकाळीच, चहाच्या आधी. डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत, मी सुट्टी टाकलीये, बागेचं कारण ऐकणार नाही. आई, गुडघ्याला पट्टा लाव आणि पापडाचं पीठ कुटायला खाली बसू नकोस, ताईला बोलाव.

आणि एक विनंती. आम्ही फेब्रुवारीत आलो की हिला काही विचारू नका. भरीत आणि कळण्याची भाकरी कर, तिला तुझ्या शेजारी चुलीपाशी बसू दे. काय बोलायचं ते ती बोलेल. मावशीलाही आधीच सांगून ठेव, पण गोड शब्दात, तिला वाईट वाटेल असं नको. मनुदेवीची गाडी मी सांगतो, तारीख तू धर.

चेन्नईला उतरलो की फोन करतो.

तुमचा,
भाऊ

ता. क. हिनं नमस्कार सांगितलाय, आणि चटणी संपत आलीये असंही लिहायला सांगितलंय.