टाचणीने भोक दाबून तुटलेली जोडणी सांधत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या कालच्या अंकात घरच्या इंटरनेटच्या 'सोप्या युक्त्यां'ची मोठी चौकट आली आहे. सकाळी वाचली, दिवसभर डोक्यातून गेली नाही, म्हणून आज लिहायला बसलो. नेट बंद पडले तर राउटरच्या मागचे बारीक भोक टाचणीने दहा सेकंद दाबून धरा, सगळे पहिल्यासारखे होईल, असे त्यात छापले आहे. हे ज्यांनी लिहिले त्यांनी ते स्वतःच्या घरी एकदा तरी करून पाहिले आहे का? मी केले आहे. आणि त्यानंतर माझी लेक आखाजीच्या आदल्या दिवशी माहेरातून परत गेली.

खान्देशातल्या वाचकांना आखाजी काय असते ते सांगायला नको. लेक माहेरी यायचा हा सण. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते, सातवा महिना लागलेला. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली ती 'नेट व्यवस्थित पाहिजे' या एकाच अटीवर. म्हणून मी मार्चमध्येच फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने नेट आणणारी, जोडणी घेतली, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. ती आली, चार दिवस काम चालले, आणि पाचव्या दिवशी सकाळी राउटरच्या डबीवरचा एलओएस नावाचा दिवा लाल झाला.

मी निवृत्त शिक्षक आहे, गणित आणि विज्ञान शिकवत होतो. अडले की वाचून काढायचे ही जुनी सवय. त्यामुळे आज मला ठाऊक आहे की एलओएस लाल म्हणजे बाहेरून येणारा प्रकाश डबीपर्यंत पोचत नाही, किंवा इतका क्षीण पोचतो की डबीला तो ओळखता येत नाही. अशा वेळी घरातल्या घरात करण्यासारखे फार थोडे असते. हिरव्या टोकाची बारीक वायर डबीत नीट बसली आहे का, कुठे घडी पडली आहे का, एवढेच पाहायचे. टोकाला बोट लावायचे नाही, कारण तेवढ्या तेलकटपणानेही प्रकाश अडतो. टोकात डोकावून तर मुळीच पाहायचे नाही, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी असतो. हे तुमच्या चौकटीत असायला हवे होते.

पण त्या दिवशी मला यातले काही ठाऊक नव्हते. मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलाने दिवे कोणते लागले आहेत हे विचारलेच नाही. डबी बंद करा, चालू करा. केली. पुन्हा करा. पुन्हा केली. मग म्हणाला, काका, मागे भोक आहे, पिन घालून दाबा. दाबले.

त्या भोकाने डबी कोरी होते. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड जातो तो जातोच. पण आमच्यासारख्या जोडणीत पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात शिरण्याचे, युजरनेम, त्याचा पासवर्ड आणि त्या जाळ्यातली आपली वाट ठरवणारा व्हीलॅनचा आकडाही डबीतच भरलेला असतो. तोही पुसला जातो. जोडणी देताना हे कुणी कागदावर लिहून दिलेले नसते. म्हणजे सकाळी माझ्याकडे एक बिघाड होता, तो बाहेरचा. दुपारी बिघाड दोन झाले, आणि दुसरा कंपनीने माझ्याच हाताने करवून घेतला. तोच सल्ला तुम्ही काल जिल्हाभर वाटला.

पुढचे अकरा दिवस मी वहीत टिपून ठेवले आहेत. चार वेळा तक्रार नोंदवली. चारही वेळा क्रमांक मिळाला, आणि चारही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. दारात कुणी आले नाही. फोन नाही. दिवा लालच. मी पुन्हा फोन करायचो तेव्हा समोरचा म्हणायचा, तुमची आधीची तक्रार बंद आहे, नवीन नोंदवतो.

संपादक महाराज, माझे खरे दुखणे हे आहे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००६ च्या ब्रॉडबँड नियमावलीतच बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर ग्राहकाला भाड्यात सूट देण्याची तरतूद केली होती. आता तक्रार तिसऱ्या दिवसाच्या आत कागदोपत्री मिटवली आणि चौथ्या दिवशी नवी उघडली, की कोणतीच तक्रार तीन दिवसांवर जात नाही. माझे घर अकरा दिवस बंद होते, पण कंपनीच्या दफ्तरी ते एकदाही तीन दिवसांवर बंद नव्हते. ग्राहकाने 'हो, चालू झाले' म्हटल्याशिवाय तक्रार बंदच करता येऊ नये. गॅसचे सिलिंडर दारात आले की मोबाइलवर आलेला आकडा आपण सांगतो, तेव्हाच ते पोचले असे धरले जाते. इथे तसा आकडा मागायला काय अडचण आहे, हे तुमच्या वार्ताहराने कंपन्यांना जाऊन विचारावे. ते छापा.

मुलगी सहा दिवस मोबाइलच्या नेटवर काम ओढत होती. खालच्या घरात रेंज नाही, म्हणून गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून. अमळनेरचे ऊन या दिवसांत कसे असते ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तिची अवस्था मी वर लिहिली आहे. मीटिंगमध्ये आवाज तुटायचा, साहेब पुन्हा पुन्हा विचारायचे. सहाव्या दिवशी तिने बॅग भरली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेली. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला होता, तिच्या आईने खापरावरच्या पुरणपोळीची तयारी केलेली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनीच घागर भरली. झोका मी चार दिवसांनी सोडला.

अकराव्या दिवशी एक मुलगा आला. इथलाच, अहिराणी बोलणारा. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट त्याचे आभार मानतो. एकट्याकडे किती गावे आहेत ते त्याने सांगितले, ऐकून वाईट वाटले. त्याने आधी खांबावरच्या पेटीत प्रकाश मोजायचा मीटर लावला, उणे १९. मग घरात डबीपाशी लावला, उणे ३१. माझ्याकडे वळून म्हणाला, "नाना, डबी चांगली शे. वायर दबायेल शे." हे आकडे डेसिबलमधले; उण्याचा आकडा दर ३ डेसिबलने वाढला की प्रकाश निम्मा होतो. १९ आणि ३१ मधला फरक १२ डेसिबल, म्हणजे चारदा निम्मा, सोळावा हिस्सा. खांबापासून माझ्या घरापर्यंतच्या पन्नास-साठ फुटांत सोळातले पंधरा हिस्से गळत होते. शेजारच्या लग्नाच्या मांडवासाठी कुणीतरी वायर बाजूला ओढून गच्चीच्या कोपऱ्यावर बारीक तारेने आवळून बांधली होती. काचेचा तंतू तिथे काटकोनात वाकला होता. मुलाने ती तार सोडली, वायर मोठ्या वळणाने फिरवली, टोक नवीन बसवले. उणे २०. दिवा हिरवा. मग माझ्या टाचणीने पुसलेले सगळे त्याने ऑफिसात फोन करून विचारून पुन्हा भरले. वायरीला वीस मिनिटे लागली, टाचणीच्या दुरुस्तीला पाऊण तास.

तो मीटरवरचा आकडा कंपनीला बसल्या जागी दिसू शकतो. डबीची जोडणी टिकून असेल तोवर ती आपल्याला किती प्रकाश मिळतो ते वर कळवू शकते, बऱ्याच डब्यांच्या सेटिंगच्या पानावर तो आकडा ग्राहकालाही दिसतो. दिवा लाल होण्याआधी दोन दिवस नेट मधूनच जात-येत होते. तेव्हाच तो आकडा कुणी पाहिला असता तर मुलगी आखाजीला घरी असती.

तुमच्या बाकीच्या युक्त्या चुकीच्या आहेत असे मी म्हणत नाही. दिवा हिरवा असेल तर त्या कामाच्या आहेत. धाब्याच्या घरांच्या मातीच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय पलीकडे नीट जात नाही, तिथे २.४ वापरावे, हे बरोबर. पण त्याआधी लॅनची वायर डबीतून थेट लॅपटॉपला लावून पाहायला सांगायला हवे होते. तिच्यावर नेट नीट चालले तर दोष वाय-फायचा, नाही चालले तर डबीचा किंवा बाहेरच्या वायरीचा. इतकी साधी पायरी गाळून थेट टाचणीवर जायचे, हे मला पटलेले नाही.

आणखी एक गोष्ट, लिहायला घेतलेच आहे म्हणून. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच वीज यायची. घरची लाईट गेली तरी फोन चालायचा. फायबरवर आल्यापासून लाईट गेली की डबी बंद, आणि डबीबरोबर फोनही बंद. ज्येष्ठ माणसे एकटी राहतात अशी कितीतरी घरे आमच्या गल्लीत आहेत. जोडणी बदलताना त्यांना हे कुणीही सांगितलेले नाही. डबीपुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर वीज देणारी बॅटरी, मिळतो, तो घ्या एवढे सांगायलाही कुणाला सवड झाली नाही. परवा रात्री अडीच तास लाईट नव्हती, पलीकडच्या आजींना छातीत दुखत होते, आणि त्या बंद फोनचे बटण दाबत बसल्या होत्या. माझी बायको सहज चौकशीला गेली म्हणून कळले.

भाड्याच्या सूटीसाठी मी लेखी अपील केले आहे. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमावलीप्रमाणे ते करायला ३० दिवस असतात आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. वहीची पाने जोडली आहेत. ज्यांचे असेच झाले असेल त्यांनी प्रत्येक तक्रारीचा क्रमांक आणि ती बंद झाल्याचा संदेश जपून ठेवावा, पुसू नये.

आपल्याकडे एवढीच मागणी आहे की टाचणीची ती युक्ती मागे घेतल्याचे त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावे. आणि दिवा लाल असताना भोक दाबू नये, हे त्यात स्पष्ट लिहावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)