ऑल-व्हील ड्राइव्ह हवे, पण सरसकट नको

संपादक महोदय,

हॉट हॅचबॅकच्या, म्हणजे ताकदवान इंजिनाच्या छोट्या गाड्यांच्या, सगळ्याच व्हेरिएंटमध्ये कंपन्यांनी ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी यंत्रणा, द्यावे, ही मागणी मोटारप्रेमींच्या गप्पांत वरचेवर ऐकू येते. पावसाळ्यात साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वर घाटातील चढाच्या वळणावर माझ्या टर्बो हॅचबॅकचे आतल्या बाजूचे पुढचे चाक दुसऱ्या गिअरमध्ये जागच्या जागी फिरू लागते आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाके घसरत फिरू नयेत म्हणून असलेल्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लुकलुकतो, तेव्हा मलाही ती मागणी पटते. चढावर गाडीचा भार मागच्या चाकांवर जातो, पुढची चाके हलकी होतात आणि इंजिनाची सगळी ताकद नेमकी त्याच हलक्या चाकांकडे जात असते.

तरीही सरसकट सक्ती मला मान्य नाही. फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय पुढच्या चाकांवरच ठेवली आहे आणि चारही चाकांचा ड्राइव्ह तिच्याहून ताकदवान गोल्फ आरला दिला आहे. होंडाची सिव्हिक टाइप आर तर तीनशेहून अधिक अश्वशक्ती लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलच्या (एकच चाक नुसते फिरत राहू न देणाऱ्या गिअर-यंत्रणेच्या) मदतीने पुढच्याच दोन चाकांतून रस्त्यावर उतरवते. मग आपल्याकडच्या १२० पीएसच्या (जवळपास तेवढ्याच अश्वशक्तीच्या) ह्युंदाई आय२० एन लाइनसारख्या गाडीवर, ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या डिफरन्शियलचे वजन कशासाठी लादायचे? किंमत वाढेल, मायलेज घटेल, आणि ‘किती देते?’ हा प्रश्न आपल्याकडे हॉट हॅचबॅकवाल्यालाही चुकत नाही. शिवाय उतारावर ब्रेक लावताना ऑल-व्हील ड्राइव्हचा काही उपयोग होत नाही. तिथे टायरच कामाला येतात. मी झिजलेले टायर बदलले, तेव्हापासून त्याच वळणावर तो दिवा क्वचितच लागतो.

मात्र ज्यांना ही सोय हवी आहे आणि जे तिचे पैसे मोजायला तयार आहेत, त्यांना पर्यायच नसावा, हेही योग्य नाही. मारुती सुझुकीची फ्रॉन्क्स हॉट हॅचबॅक नव्हे, पण ती मारुतीच्या बलेनो या हॅचबॅकच्याच घरातली. गुजरातेत तयार होणारी ही गाडी २०२४ पासून जपानमध्ये फोर-व्हील ड्राइव्हसह मिळते. इथल्या ग्राहकाला मात्र तीच गाडी फक्त पुढच्या चाकांच्या ड्राइव्हवर घ्यावी लागते. निर्यातीसाठी जे बनवता येते, ते वरच्या एखाद्या व्हेरिएंटमध्ये, जास्तीची किंमत लावून का होईना, घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनाही द्यायला काय हरकत आहे, याचा खुलासा कंपन्यांनी करावा.

– एक वाचक, सातारा